एका हाताची म्हैस

आबा,

गेल्या महिन्यात काकी गेली. दहाव्याला मी जयसिंगपूरहून गावी आले होते. नदीवरून परत येताना धाकटीनं, म्हणजे काकीच्या एकुलत्या एका लेकीनं, माझा दंड धरून मला बायकांच्या घोळक्यातून मागं ओढलं. बांधाच्या कडेला उभं करून म्हणाली, "आक्का, खरं सांग. थोरल्या आबांनी म्हशीला हाळी दिली तवा माझा बाप त्यांस्नी दिसत हुता का न्हाय?" ती तेव्हा तान्ही होती. आता तिच्याच कडेवर लेकरू आहे. आयुष्यभर आईला जे विचारायची छाती झाली नाही, ते तिनं आईची राख थंड झाल्यावर मला विचारलं. मी काय उत्तर दिलं ते शेवटी सांगते. त्याआधी मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. तुम्ही जिवंत असताना ती सोय नव्हती.

तुमच्या नावाची पाटी अजून दूध संस्थेच्या दारावर आहे. तुमच्या पुण्यतिथीला तिथं भाषणं होतात, आणि दरवेळी कुणीतरी सांगतं की देवळाच्या ओवरीत चार किटल्या घेऊन तुम्ही संस्था सुरू केलीत, बायकांना सभासद केलंत, जनावरांचा डॉक्टर गावात आणलात, बौद्ध वस्तीतलं दूध सगळ्यांच्या कॅनमध्ये एकत्र घेतलंत. सगळं खरं आहे. पण मी ते डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून मला भाषणात नसतं तेही आठवतं. वस्तीतली ती बाई पहिल्यांदा किटली घेऊन रांगेत उभी राहिली, तेव्हा मागच्या एकानं तिची किटली पायानं बाजूला सरकवली. तुम्ही माप खाली ठेवलंत, गल्ल्यामागून उठलात, त्याची मान धरलीत आणि त्याचं तोंड संस्थेच्या खांबावर आपटलंत. मग हात धुतलेत, पुसलेत आणि त्या बाईचं दूध सगळ्यांच्या आधी मोजून घेतलंत. ती बाई पुढं संस्थेची संचालक झाली, झेंडावंदनाला तुमच्या शेजारी उभी राहायची. पण खांबाला लागलेलं रक्त पुसायला तुम्ही मला सांगितलं होतंत, आणि ते चुन्यात मुरलं होतं, लवकर निघालं नाही. तुमच्याकडून वाईट झालं ते हातानं झालं, आणि चांगलं झालं तेही हातानंच. घरात आम्हाला दोन्ही सारखंच लागायचं.

त्या हातांनी धार मात्र काय काढायचात. मूठ भरून, अंगठा बाहेर ठेवून, एका लयीत. बादलीच्या बुडाला पहिल्या धारा वाजल्या की आई चुलीवर चहाचं आधण ठेवायची. गोठ्यात बाकीच्या म्हशींना कुणीही बसलं तरी चालायचं, पण त्या एका म्हशीला तुम्ही कुणाचा हात लागू दिला नाहीत. लांब, टोकदार शिंगांची, गावात तिच्या तोडीची दुसरी नव्हती. ती रेडकू असल्यापासून तुमच्या हाताची. आईनं एकदा तुम्ही पंचायतीत अडकलात म्हणून तिच्याखाली बसायचा प्रयत्न केला, तर तिनं पान्हा चोरला आणि बादली लाथेनं भिंतीवर घातली. तुम्ही आल्यावर आईला लागलंय का हे विचारलं नाहीत. हसलात. म्हणालात, "माझ्या हाताची हाय ती. दुसऱ्याला द्यायची न्हाय." आठवडाभर सगळ्या गावाला ते सांगत फिरलात. ही मिजास पुढं केवढ्याला पडणार होती हे तुम्हाला तेव्हा कळतं तर बरं झालं असतं.

काका तुमच्याहून बराच लहान. आजी गेल्यावर तुम्हीच त्याला खांद्यावरून शाळेत नेलंत, तुम्हीच त्याचं लग्न केलंत, शेजारची जागा त्याला घर बांधायला दिलीत. काका हसरा होता आणि थोडा आळशी होता. दुधात पाणी त्यानं घातलं होतं, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. त्या दिवशी सकाळी तुम्ही त्याच्या किटलीत लॅक्टोमीटर सोडलंत आणि रांगेकडं न बघता म्हणालात, "पाणी हाय ह्यात." काका म्हणाला, "म्हस जरा जास्त पाणी पिली आसंल की, दादा." रांग हसली. मला वाटतं, रांग हसली नसती तर पुढचं घडलं नसतं. तुम्ही ती किटली उचलून त्याच्या डोक्यावर पालथी केलीत आणि मग तिचंच झाकण त्याच्या कपाळावर मारलंत. पुन्हा मारलंत. भुवई फाटली. दुधात रक्त मिसळलं की ते गुलाबी होतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. काकी पदर दातात धरून दाराशी उभी होती. काका रिकामी किटली उचलून घरी गेला आणि त्यानंतर तो तुम्हाला दादा म्हणाला नाही. संस्था ताब्यात घ्यायला टपलेला दुसरा गट गावात होताच. त्यांना अध्यक्षाचा सख्खा भाऊ आयता मिळाला.

दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडं म्हशी पळवतात. जयसिंगपूरच्या माझ्या शेजारणींना हे सांगितलं तर त्यांना गंमत वाटते. म्हशींना धुऊन तेल लावायचं, शिंगं रंगवायची, त्यांना मोरपिसं आणि गळ्यात कवड्यांची माळ बांधायची, आणि मालकानं मोटारसायकलवर पुढं जाऊन हाळी द्यायची. गर्दीतून, ताशांतून, फटाक्यांतून जी म्हैस आपल्या मालकाच्या हाळीवर सरळ धावत येते, तिचं नाव वर्षभर निघतं. तुम्ही दसऱ्यापासून तिला तयार करत होता. वाटेत पोती उभी करायची, पोरांना आडवं उभं करायचं, ऐनवेळी बाजूला पळायला सांगायचं, आणि लांबून गळ्यातून ती हाळी द्यायची, "हेऽऽऽ याऽऽऽ". ती मधलं काहीच बघायची नाही. पोत्यांवरून जायची. तुमच्यापाशी येऊन थांबायची आणि तुमच्या काखेत तोंड खुपसायची. मी कॉलेजमधून सुट्टीला आले होते, मीही आडवी उभी राहिले आहे. ती अंगावर येताना जमीन हलते. तुम्ही म्हणायचात, "मधी कोनबी आसूदे, तिनं माझ्याकडंच याय पायजे." तिनं ते अगदी नीट शिकून घेतलं.

त्या पाडव्याला मी संस्थेच्या पायऱ्यांवर उभी होते. म्हैस पलीकडं तालमीजवळ एका गड्यानं धरून ठेवली होती आणि तुम्ही चौकात मोटारसायकल लावत होता. तेवढ्यात त्या दुसऱ्या गटाची माणसं आली. काठ्या त्यांनी आधीच कुणाच्या तरी उसाच्या वाड्याच्या ढिगात लपवून ठेवल्या असणार. पहिली काठी तुमच्या पाठीत बसली, दुसरी डोक्यात. तुम्ही एकाला खाली घेतलंत, त्याच्या तोंडावर गुडघा घातलात, मग तुम्हीच खाली गेलात. ताशा वाजतच होता, कारण वाजवणाऱ्याला वाटलं ही नेहमीची पाडव्याची रेटारेटी आहे. मला फक्त पाठी दिसत होत्या आणि वर जाऊन खाली येणाऱ्या काठ्या. त्यात काकाचा नवा पिवळा सदरा होता. मग त्या सगळ्यातून तुमची हाळी आली. गड्यानं कितीही घट्ट धरलं तरी तिला कोण अडवणार होतं? लोक फाकले. काका फाकला नाही. त्याची पाठ तिच्याकडं होती. शिंग बरगडीखालून आत गेलं आणि तिनं मान उचलली तसा तो उचलला गेला. पायऱ्यांच्या दगडावर, माझ्यापासून हाताच्या अंतरावर पडला. पोटावर हात दाबून माझ्याकडं बघत होता आणि त्याच्या बोटांतून सगळं बाहेर येत होतं. म्हैस तुमच्यापाशी जाऊन थांबली होती. तिचं लाल शिंग तिनं तुमच्या काखेत घातलं होतं. कोल्हापूरच्या दवाखान्यात न्यायला जीप काढली, पण साखर कारखान्यापर्यंतही काका पोचला नाही.

पोलिसांनी म्हैस उधळली असं लिहून घेतलं. गावानंही तसंच ठरवलं, कारण तसं ठरवण्यात सगळ्यांची सोय होती. तिसऱ्या दिवशी सोप्यात पाहुणे बसले होते, तुमच्या डोक्याला पट्टी होती, आणि कुणीतरी हळूच म्हणालं की भाऊ समोर होता हे लक्षात आलं नसंल. मी पाण्याचा तांब्या घेऊन आले होते. मी म्हटलं, "आबांस्नी कसं दिसंल? एवढी गर्दी, एवढा फुफाटा." तुम्ही उठलात आणि चारचौघांसमोर माझ्या तोंडात मारलीत. तांब्या उंबऱ्यावर गेला. ओठ दातावर फाटला. तुम्ही म्हणालात, "पुन्यांदा ह्ये बोललीस तर जीभ हासडीन." मला वाटलं, पुरुषांत बोलले म्हणून मारलं. कितीतरी वर्षं मला तसंच वाटत होतं, आणि त्यासाठी मी तुमचा मनापासून द्वेष केला. कॉलेजात जाणारी मुलगी, बापाची बाजू घ्यायला जाते आणि भर सोप्यात मार खाते. ओठाच्या आत अजून गाठ लागते.

गट म्हणत होता म्हैस कसायाला द्या. तुम्ही विळा घेऊन गोठ्याच्या दारात बसलात. मग पंच आले, म्हातारे लोक आले, बोलणं झालं, आणि शेवटी तुम्हीच म्हणालात, "बाप खाल्ला हिनं. आता हिनंच पोरगी पोसायची." स्वतः दावं सोडून तुम्ही तिला काकाच्या घरामागच्या परड्यात नेऊन बांधलीत. सगळ्यांना न्याय झाल्यासारखं वाटलं. ती एका हाताची आहे, हे गावात शेंबड्या पोराला ठाऊक होतं, तुम्हीच गावभर सांगितलं होतंत, आणि देताना एकाच्याही ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी काकी तिच्याखाली बसली. म्हशीनं तिच्या मांडीवर लाथ घातली. संध्याकाळपर्यंत कास दगडासारखी झाली आणि म्हैस ओरडायला लागली. त्या ओरडण्यानं तान्ही धाकटी रडायला लागली. भिंतीच्या अलीकडं आपण सगळे ताटावर बसलो होतो. शेवटी आई म्हणाली, "उठा. तुमच्याबिगर हुयाचं न्हाय."

तुम्ही बादली घेतलीत, मी आंबोणाची, भिजवलेल्या पेंडीची पाटी घेतली. काकी दारात उभी होती. लग्न होऊन आल्यापासून ती तुमच्यासमोर कधी मोठ्यानं बोलली नव्हती, डोईवरचा पदर खाली आला नव्हता. त्या दिवशी पदर खांद्यावर होता आणि हातात वैरणीचा विळा होता. मला म्हणाली, "पाटी ठेव आन भाईर हो." मी परड्याच्या कवाडाबाहेर उभी राहिले. आत काहीतरी बोलणं झालं, दोन-चारच शब्द, मला कळले नाहीत. मग मार ऐकू आला. मी आत धावले. तुम्ही म्हशीखाली बसला होता, कपाळ तिच्या कुशीला टेकलेलं, आणि काकी दाव्याच्या गाठीकडच्या टोकानं तुमच्या पाठीवर मारत होती. विळा कोपऱ्यात पडला होता. सदरा फाटत होता. तुम्ही उठला नाहीत, कारण तुम्ही उठला असता तर म्हशीनं उरलेलं दूध चढवलं असतं. धारेचा आवाज एकदाही थांबला नाही. बादली भरली तशी तुम्ही ती काकीच्या उंबऱ्यावर ठेवलीत. तिनं ती उचलून मोरीत ओतली.

हे रोज. सकाळ आणि संध्याकाळ. आई तुमच्या पाठीला हळद लावायची. तुम्ही, ज्यांच्यासमोर गावात कुणी आवाज चढवत नव्हतं, ते दोन वेळा मान खाली घालून मार खायला जात होता, आणि तिथून तडक संस्थेत जाऊन लोकांचं दूध मोजत होता. मला एकदा असह्य झालं. मी म्हटलं, आबा, गडी पाठवा, ती हळूहळू सवय लावून घेईल. तुम्ही म्हणालात, "ती लावंल. मी लावून घ्यायचो न्हाय." मला याचा अर्थ लागला नाही. नंतर कधीतरी काकी मारायची थांबली. का थांबली ते तिलाच ठाऊक. कदाचित हात दुखला असेल, कदाचित धाकटीला दूध लागायला लागलं असेल. मग एक दिवस ती स्वतः किटली घेऊन संस्थेच्या रांगेत उभी राहिली. तुम्ही सगळ्यांच्यात सोडायचात तसं तिच्याही दुधात लॅक्टोमीटर सोडलंत. म्हणालात, "चांगलं हाय." तिनं पदर पुढं ओढला आणि पावती घेऊन गेली. म्हैस आटायची तेव्हाही तुम्ही जायचात, वाडं टाकून, शेण काढून यायचात. परड्यातनं बोलण्याचा आवाज मात्र कधी आला नाही.

महापूर आला त्या साली, पाणी ओसरल्यावर, तुम्ही गेलात. माझं लग्न होऊन मी जयसिंगपूरला होते, पण पुरामुळं माहेरी अडकले होते. संध्याकाळी काकी आमच्या मागच्या दारात आली. तिच्या लुगड्यावर दूध सांडलेलं होतं. म्हणाली, "तुजा बाप पडलाय." तुम्ही गव्हाणीच्या दगडावर डोकं आपटून आडवे झाला होता, छाती थांबली होती, आणि बादली कलंडून मांडीवर पडली होती. म्हैस मान वळवून तुमचा कान चाटत होती. तुमचं डोकं काकीनं आधीच स्वतःच्या मांडीवर घेतलं असणार, कारण तिच्या पदराला रक्त होतं. ते मला नंतर ध्यानात आलं.

तुम्हाला पोचवून आल्यावर म्हैस ओरडायला लागली. पुन्हा तेच. कास ताठलेली, आणि आता उठून जायला कुणी नाही. मग काकी परत आली. आईला म्हणाली, "भावजींचा सदरा द्या. घामाचा. धुतल्याला नको." आईनं खुंटीवरचा काढून दिला. मी तिच्या मागोमाग परड्यात गेले. तिनं लुगड्यावर तुमचा सदरा चढवला, बाह्या दुमडल्या, खाली बसली, कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवलं. मग तिनं ती हाळी दिली. अगदी हळू, लेकराला निजवताना देतात तशी. म्हशीनं मान वळवून वास घेतला. बराच वेळ काही झालं नाही. मग पान्हा सुटला.

धार काढता काढता, माझ्याकडं पाठ ठेवूनच, काकी बोलली. "पयल्या दिशी मी त्येला इचारलं. हाळी दिली तवा धनी दिसत हुता का म्हून. इळा हुता माझ्या हातात. न्हाय दिसला म्हटला आसता तर तितंच कापला आसता." मी विचारलं, मग आबा काय म्हणाले. काकीचे हात चालूच होते. "म्हनला, दिसत हुता. तुज्या धन्यानं काठी खाली केलीती, त्ये बी दिसत हुतं." बादली भरली, तिनं ती उचलली, आणि पहिल्यांदाच अर्धं दूध आमच्या घरी पाठवून दिलं.

म्हणजे सोप्यात माझ्या तोंडात बसली ती यासाठी. आबा, त्या दिवशी मला समजलं आणि मी आणखीच चिडले. खोटं सहन झालं नाही तुम्हाला, पण भाऊ काठी खाली करून उभा असताना हाळी देणं सहन झालं. काकाला खांद्यावरून शाळेत नेलं होतंत तुम्ही. मी आजही ठरवू शकलेले नाही की तुम्ही खुनी होता की गावातला एकुलता एक खरं बोलणारा माणूस. बहुतेक दोन्ही होता, आणि त्याचाच मला राग येतो. लग्नात तुम्ही दिलेल्या पितळी चरवीत मी पिशवीतलं दूध ओतते, तेव्हा रोज एकदा हे भांडण माझ्या मनात होऊन जातं.

काकी गेल्यावर हे जाणणारी मी एकटी उरले. बांधाच्या कडेला धाकटी माझ्या तोंडाकडं बघत उभी होती. तुमच्या मांडीवर खेळून वाढलेली पोर. रांगायला लागल्यापासून ती धारेच्या वेळी तुमच्या पाठीला येऊन लोंबकळायची, आणि काकी ते दारातून बघत असायची. मी तिला सांगितलं, "न्हाय गं. त्यांस्नी न्हाय दिसला. लई गर्दी हुती." तिनं लेकरू माझ्याकडं दिलं, पदरात तोंड घालून रडली, आणि मग अंगातून ओझं उतरल्यासारखी पुढं चालायला लागली.

हे पत्र मी लिहून झाल्यावर फाडून टाकणार आहे, तिच्या हाती पडता कामा नये. तुम्हाला एवढंच कळवायचं होतं. आणि हेही, की ते खोटं बोलताना माझा हात आपसूक ओठावर गेला होता, आणि मी एक पाऊल मागं सरकले होते.